एमेटच्या नावाची पट्टी

कॅल्डर्स मिल
३० नोव्हेंबर

प्रिय रॉयस,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू लावत नाहीस, म्हणून नेहमीसारखी लिहायला बसले आहे. तुझा भाऊ एमेट गेल्यापासून आपल्या दोघांची ही रीतच होऊन बसली.

टॅन्सी गेली.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या पायवाटेने निघालो होतो. ती पुढे, मी मागे. सरकारी जंगलातून जाते ती वाट, हिवाळ्यात लोक स्कीवर येतात ती. वाटेच्या कडेलाच, एका फरच्या झाडाआड लाकडी पेटी होती. वास लागला तशी टॅन्सीने, कुत्र्याची जातच ती, डोकं आत घातलं. आत सापळा मिटल्याचा आवाज आला तेव्हाच मला कळलं. बेचाळीस वर्षं सापळेवाल्याच्या घरात काढली आहेत, तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा दाबायच्या, हे मला ठाऊक होतं. एमेट हाताने दाबायचा, अक्रोड फोडावा तसा. माझ्या बोटांची काय दशा आहे तू बघितली आहेस. एक दाबली की दुसरी सुटायची. तिला फिरवायची दोरी खिशात होती, ती काढून तिच्या गळ्याशी काही सैल होतंय का पाहिलं, पण कुठे काही होईना. मग ती हलायची थांबली. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बर्फात बसून राहिले.

नंतर दिसली ती सापळ्याच्या साखळीला तारेने बांधलेली पितळी पट्टी. कायद्याप्रमाणे प्रत्येक सापळ्यावर मालकाचं नाव लागतं, हे मी तुला काय सांगायचं. पुसून वाचली. 'एमेट पेल्की, कॅल्डर्स मिल.'

चार वर्षांपूर्वी त्याचे सगळे सापळे मी चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला दिले. पट्ट्या काढल्या नव्हत्या. तार कापायची पक्कडही त्याच खोक्यात टाकून दिली होती, असलं माझं डोकं. पेटीच्या झाकणाला बिजागरी म्हणून बुटाचं चामडं ठोकलं होतं, दोन खिळे तिरके, तुमचे वडील ठोकायचे अगदी तसं. सापळे घेणाऱ्याने पेट्याही उचलल्या असणार. चामडं मात्र अजून मऊ होतं.

तू राज्याच्या वन्यजीव मंडळावर आहेस म्हणून विचारते. माणसं चालतात त्या वाटेपासून सापळा लांब असावा, एवढा साधा नियम का नाही? मी सापळ्यांच्या विरुद्ध नाही. तुझ्या भावाने धरलेल्या बीव्हरच्या शेपटीचं सूप मी केलं आहे आणि कातडी विकून घराचं छप्पर घातलं आहे. पण वाट सगळ्यांची आहे ना? तू मंडळात हा विषय काढ.

तुझी,
विनी

*

नॉर्थ हार्लो
८ डिसेंबर

प्रिय विनी,

इकडे गुडघाभर बर्फ पडलं. चिमणी साफ करून घेतली.

टॅन्सीचं वाचून फार वाईट वाटलं. एमेटच्या मागून शेडमध्ये फिरायची ती मला आठवते. चांगली कुत्री होती. तिला फार सोसावं लागलं नसेल, असं मी मनाशी धरलं आहे. तूही तसंच धर.

नियमाचं म्हणशील तर सापळा वाटेला खेटून असला तरी आमच्या राज्यात तो चुकीचा धरत नाहीत. हा विषय मंडळात दोनदा आला आणि दोन्ही वेळा बारगळला. आपले सापळेवाले म्हणतात, आज वाट हातची गेली तर उद्या जंगल जाईल. मी एकट्याने काय करायचं?

ती पट्टी वन्यजीव खात्याच्या वॉर्डनला देऊ नकोस. एमेटचं नाव उगाच कागदोपत्री यायला नको. ज्याने विक्रीतून सापळे घेतले असतील, तो कोण कुठला आता सापडणार नाही. पट्टी मला पाठव, मी बघतो.

लाकूड पुरेसं आहे का? हरणाचं मांस डेलच्या हाती पाठवतोय. मांडीचा तुकडा तुझ्यासाठी वेगळा काढला आहे.

तुझा,
रॉयस

*

कॅल्डर्स मिल
१५ डिसेंबर

प्रिय रॉयस,

मांस पोचलं. डेलला कॉफी पाजली. तुझा जावई बिचारा बोलत नाही, पण डोनट चार खातो.

पट्टी मी वॉर्डनला देऊन बसले होते, तुझं पत्र यायच्या आधीच. कोरीन नावाची तरुण मुलगी आहे. स्वयंपाकघरात बसून तिने सगळं लिहून घेतलं. तिला विचारलं, आता काय होईल? तर ती शरमेने लाल झाली. म्हणाली, पेल्कीबाई, सापळा तिथे लावणं गुन्हा नाही, कुत्रा मरणंही गुन्ह्यात येत नाही. फक्त पट्टीवर मेलेल्या माणसाचं नाव आहे, ते नियमात बसत नाही.

रॉयस, हे वाक्य मी दोन आठवडे तोंडात घोळवते आहे. टॅन्सी मेली ते नियमात बसतं, नाव चुकलं ते बसत नाही.

मग मी वाचनालयात जाऊन कायद्याचं पुस्तकच काढलं. पहिल्याच पानावर लिहिलंय की रानातली जनावरं राज्यातल्या सगळ्या लोकांची आहेत. चार पानं पुढे मंडळाच्या खुर्च्यांचं आहे. त्यात असं कुठेही नाही की बसणाऱ्याकडे शिकारीचा नाहीतर सापळ्याचा परवाना असलाच पाहिजे. पण आजवर परवान्याशिवाय एकही जण तिथे बसलेला नाही. मालक सगळे आणि किल्ली मात्र पाचपन्नास जणांच्या खिशात, असा हा कारभार.

तेव्हा मी निवेदन लिहिलं आहे. दोनच मागण्या आहेत. सापळे वाटेपासून लांब ठेवा, आणि जे नुसतं बघायला जंगलात जातात त्यांनाही मंडळावर खुर्ची द्या. दुकानात सह्या घेत होते तेव्हा सापळेवाला लाइल बेनॉइट म्हणाला, "विनी, पुढच्या वर्षी माशांनाही मत द्यायला लावशील का?" मी म्हटलं, "ते तुझ्यापेक्षा कमी बोलतात, लाइल, मंडळात शोभून दिसतील." हसला, पण सही नाही केली. त्याच्या बायकोने केली, तो मागे वळल्यावर.

फेब्रुवारीत मंडळाची जाहीर सुनावणी आहे. मी येते आहे. चर्चची विक्री बघणाऱ्या ओडील गॅन्योंला विचारलंय की विक्रीत ते सापळे कोणी घेतले. तिची आठवण तुझ्या-माझ्यासारखी नाही, शाबूत आहे.

ख्रिसमसला मांस भरून भट्टीत भाजलेला पोर्क पाय डेलकडे पाठवेन. लवंग कमी घातली आहे, तुला चालते तेवढीच.

तुझी,
विनी

*

नॉर्थ हार्लो
६ जानेवारी

प्रिय विनी,

तुझा पोर्क पाय उत्तम होता. मी एकट्यानेच अर्धा संपवला.

आता नीट ऐक. खात्याकडून तुला पत्र येईल. पट्टीवर नाव एमेटचं, एमेट नाही, आणि त्याच्या मालमत्तेची वारस तू. म्हणजे त्यांच्या लेखी तो सापळा तुझा. विनापरवाना सापळा लावल्याचा ठपका येईल. दंड आहे, आणि वर्तमानपत्रात नाव छापून येतं.

मी खात्यातल्या एका माणसाशी बोललो. भला माणूस आहे. त्याचं म्हणणं असं की तू सुनावणीला उभी राहिली नाहीस आणि निवेदन मागे घेतलंस तर हे प्रकरण फाइलमध्ये तसंच पडून राहील. कोणी विचारणार नाही.

तुझ्या भल्यासाठी सांगतोय. लोक काय म्हणतील याचा विचार कर. कुत्र्यासाठी रडते आणि सापळा तिचाच, असं म्हणतील. मला मंडळात त्या खोलीत बसून ते ऐकावं लागेल. ज्यांनी मला तिथे बसवलं त्यांच्याबरोबर मी पन्नास वर्षं रान हिंडलोय. मला उठता येत नाही, बसवत नाही. तू तरी माझी अडचण समजून घे.

या एका वर्षी गप्प बस. पुढच्या वर्षी बघू.

तुझा,
रॉयस

*

कॅल्डर्स मिल
१४ जानेवारी

प्रिय रॉयस,

खात्याचं पत्र आलं. त्यात मला 'सापळेधारक' म्हटलं आहे. शहात्तराव्या वर्षी नवा हुद्दा मिळाला. फ्रिजवर लावून ठेवलं आहे.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं, रॉयसने माझ्यासाठी किती खटपट केली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी ओडील आली. तिला सगळं आठवत होतं. ते सापळे हद्दीपलीकडून आलेल्या एका कॅनडाच्या माणसाने घेतले, लाल दाढीचा, तुटक इंग्रजी बोलणारा. तुझ्याबरोबर दर शरद ऋतूत मूस हरणाच्या शिकारीला येतो तो मार्सेल, रॉयस. लाल दाढीचा दुसरा कोणी या चर्चमध्ये फिरकलेला नाही.

आणि ओडील म्हणाली, "विनी, पेट्या कुठे होत्या विक्रीत? पेट्या तू फोडून चुलीत घातल्यास, त्या पहिल्या हिवाळ्यात. मीच आले होते ना, तू कुऱ्हाड घेऊन रडत होतीस."

खरंच की. पेट्या मी जाळल्या होत्या.

म्हणजे ही पेटी नवी. चामडं मऊ होतं कारण ते नवं होतं. आणि तसे दोन तिरके खिळे ठोकणारी माणसं या जगात तीनच झाली. तुमचे वडील गेले, एमेट गेला.

पेटी तू लावलीस.

मी ओरडत नाहीये. कोरीनला सांगितलेलं नाही, ओडीललाही नाही, तिच्या मात्र लक्षात आलं असावं, दुसरी कॉफी न मागताच उठली. मला एवढंच कळत नाही की दंड माझ्या गळ्यात पडू देताना तू 'तुझ्या भल्यासाठी' हे शब्द लिहिलेस कोणत्या हाताने.

मी सुनावणीला येणार आहे.

विनिफ्रेड

*

नॉर्थ हार्लो
२९ जानेवारी

विनी,

चार वेळा लिहून फाडलं.

हो. मीच.

मार्सेलला मीच पाठवलं होतं. एमेटचे सापळे कोणी अनोळखी माणूस घेऊन जाईल, हे मला सहन होईना. तुझ्याकडे मागायला आलो असतो तर तू कारण विचारलं असतंस, आणि कारण मला सांगता आलं नसतं. पट्ट्या काढायला पक्कड घेतली होती हातात. त्याचं नाव होतं त्यावर. नाही कापवलं. म्हटलं, दोघं मिळून लावतोय असं समजू.

ओढ्याकाठची ती त्याची सापळ्यांची जुनी लाइन. आम्ही पोरगे होतो तेव्हापासूनची. तेव्हा तिथे वाट नव्हती, एल्डरची झुडपं होती. पलीकडच्या लाकूडतोड्यांच्या रस्त्याने जायचो, म्हणजे तुझ्या घरावरून जायला नको. पाय आपोआप त्याच झाडांपाशी थांबायचे. वाट दिसत होती मला. नाही दिसली असं म्हणणार नाही. पण नियमात बसत होतं.

तुझं पहिलं पत्र हातात घेऊन मी गोठ्यात जाऊन बसलो होतो.

आता मी सांगितलं तर मेलेल्याच्या नावाच्या पट्टीपायी परवाना जाईल, आणि परवाना गेला की खुर्ची जाईल. वाटेच्या बाजूने मत दिलं तर लोक विचारतील, रॉयस, तुला अचानक काय झालं? विरुद्ध दिलं तर तू समोर बसलेली असशील. मी ज्या बाजूला वळतो तिथे भिंत आहे. तूच सांग काय करू. तू सांगशील ते करेन.

रॉयस

*

कॅल्डर्स मिल
३ फेब्रुवारी

रॉयस,

नाही. तेवढं माझ्यावर टाकू नकोस. नवरा गेला, कुत्री गेली, सापळा माझ्या नावावर आला, आता तुझं मतही मीच उचलायचं का?

तुझं नाव माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. एमेटच्या भावाला मी त्या खोलीत उघडा पाडणार नाही. याच्यापुढे काय करायचं ते तुझं तू बघ.

मांडीचं मांस अजून फ्रीझरमध्ये आहे. शिजवायला मन होत नाही.

विनी

*

कॅल्डर्स मिल
२३ फेब्रुवारी

रॉयस,

तू आजारी असल्याचं अध्यक्षांनी वाचून दाखवलं. तुझ्या नावाची पाटी होती, मागे खुर्ची रिकामी होती. तू आला नाहीस म्हणून काय झालं ते तुला सांगणं मला भाग आहे.

खोली गच्च भरली होती. अर्ध्याअधिक शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या. प्रत्येकाला दोन मिनिटं. आधी परवानेवाले बोलणार, मग बाकीचे, ही तिथली जुनी पद्धत. बाकीच्यांची पाळी येईपर्यंत मंडळाची माणसं घड्याळ बघायला लागतात, हेही जुनंच असावं. गुरं चरायला निघावीत तसे पुढचे एकेक जण उठत होते आणि एकच बोलत होते. परवान्याच्या पैशावर खातं चालतं, तेव्हा बोलायचा हक्क आमचा.

मी उठले आणि पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, परवानेवाल्यांचं संपू द्या." मी खात्याचं पत्र काढलं. म्हटलं, "साहेब, तुमच्याच खात्याने मला सापळेधारक ठरवलंय. दंड घेताना मी सापळेवाली आणि ऐकताना कोणी नाही, असं कसं चालेल?"

लोक हसले. लाइलसुद्धा. मग अध्यक्षांनी विचारलं, तो सापळा खरोखर तुमचा आहे का?  मी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"माझ्या घरातला आहे," एवढंच मी म्हणाले. ते खोटं नाही.

मग माझी दोन मिनिटं मी बोलले. टॅन्सीचं थोडंच सांगितलं. जास्त सांगितलं ते एमेटचं. तो म्हणायचा, रानात आपण पाहुणे आहोत. आणि मी विचारलं की सगळ्यांच्या जनावरांचा हिशेब ठेवणारे सगळ्यांमधून का निवडत नाहीत. 

खुर्चीची मागणी त्यांनी अभ्यासाला ठेवली, म्हणजे फडताळात टाकली. वाटेच्या नियमावर मात्र मत घेतलं. समसमान पडलं, रॉयस. समसमान म्हणजे नामंजूर. एका मताने उभा राहिला असता तो नियम.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ होतं. लाइल बेनॉइटने माझा दंड धरून मला गाडीपर्यंत पोचवलं. 

मी दंड भरला आहे.

विनी

*

नॉर्थ हार्लो
९ मार्च

विनी,

त्या दिवशी मी आजारी नव्हतो. गाडी सुरू करून अंगणातच बसून राहिलो. इंधन अर्धं संपलं, मग आत आलो.

काल आमच्या गावची सभा होती, मार्चची. तुला माहीत आहे कशी असते, रस्ते, शाळा, बर्फ काढायचा ट्रक, मग जेवण. बेक्ड बीन्स वाढत होते तेव्हा कोणीतरी म्हणालं, ऐकलंत का, त्या कॅल्डर्स मिलच्या म्हातारीचा स्वतःचाच सापळा निघाला. सगळे हसले. माझ्या हातात ताट होतं. ताट खाली ठेवलं आणि सांगितलं, "तो सापळा माझा होता. तिची कुत्री माझ्या सापळ्यात मेली." दुसरं काही सुचलं नाही. त्यानंतर कोणी माझ्या टेबलावर बसलं नाही. डेल बसला. तू म्हणतेस तसा गप्पच, पण बसला.

आज कोरीनकडे लिहून दिलं. ती म्हणते, परवाना तीन वर्षांसाठी जाणार. खुर्ची सोडल्याचंही कळवलं. तुझा दंड परत मिळेल, आणि त्यांच्या यादीतून तुझं नाव काढतील.

ओढ्यावरच्या पेट्या उचलल्या. सापळ्यांवरच्या पट्ट्या कापल्या. सोबत पाठवतोय, सगळ्या. त्या तुझ्याकडे असायला हव्या होत्या.

माफी मागावी असं खूप वाटतं, पण कागदावर ती फार स्वस्त दिसते.

रॉयस

*

कॅल्डर्स मिल
१९ एप्रिल

प्रिय रॉयस,

पट्ट्या मिळाल्या. खिडकीत दोऱ्याला टांगल्या आहेत. वारा आला की वाजतात, आणि एमेट काहीतरी कुरकुर करतोय असं वाटतं.

तू खरं सांगितलंस त्याचा मला आनंद झाला. पण तुझ्या खरेपणाने माझी पंचाईत झाली, हेही सांगते. यादीतून माझं नाव गेलं, म्हणजे माझं सापळेवालीपण गेलं. आता पुन्हा उभी राहिले तर रांगेच्या शेवटी. आणि तुझी खुर्ची रिकामी आहे. आपल्या भागातून कोणालातरी नेमायचंय, आणि नेमतात ते परवानेवाल्यालाच.

मग मी काय केलं ते ऐक. अग्निशमन केंद्राच्या खोलीत सापळे लावायचा वर्ग असतो, परवान्याआधीचा. गेले. बारा-चौदा वर्षांच्या पोरांमध्ये मी एकटी पांढऱ्या केसांची. शिकवणारा कोण, तर लाइल बेनॉइट. मला बघून त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, मग म्हणाला, "पेल्कीबाई, पुढे बसा, तुम्हाला ऐकू येतं की नाही कोण जाणे." मी म्हटलं, "मला सगळं ऐकू येतं, लाइल, तेच तर दुखणं आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने पेटीत लावतात तसला एक सापळा टेबलावर ठेवला. पोरांना म्हणाला, कुत्रा अडकला तर हाताने दाबत बसू नका. दोरी घ्या, स्प्रिंगच्या दोन्ही कड्यांमधून ओवा, एक टोक पायाखाली धरा आणि वर ओढा. म्हाताऱ्या माणसालाही जमतं. मला उठवलं. मी ओवली, पाय ठेवला, ओढली. मिटली रे ती स्प्रिंग, वही मिटावी तशी.

दोरी माझ्या खिशात होती, रॉयस.

मी बाहेर जाऊन उभी राहिले. लाइल मागे आला. त्याला सांगितलं. तो बुटाने बर्फ टोकरत म्हणाला की हे आम्ही फक्त वर्गात शिकवतो, सापळेवाल्यांना. वाटेने चालणाऱ्यांना शिकवावं असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मग त्याने निवेदन मागितलं आणि गाडीच्या बोनेटवर ठेवून सही केली.

तुला हे ठाऊक होतं, एमेटलाही असणार. बेचाळीस वर्षांत त्याने मला दाखवलं नाही, कारण त्याला हाताने जमायचं. त्याच्यावर रागावून आता काय करू. तुझ्यावर मात्र राग अजून आहे, थोडा कमी झालाय.

परवाना मिळाला. पट्ट्याही कराव्या लागल्या, नियमच आहे. 'विनिफ्रेड पेल्की, कॅल्डर्स मिल.' सापळा एकही घेणार नाही. गव्हर्नरच्या कार्यालयात तुझ्या खुर्चीसाठी अर्ज पाठवलाय. नेमतील असं वाटत नाही. दारातून आत जायला मला आधी सापळेवाली व्हावं लागलं, याचं हसू येतं आणि दुसऱ्या क्षणी येत नाही. पण आता ते मला रांगेच्या मागे तरी उभं करू शकणार नाहीत.

मांडीचं मांस बाहेर काढलं आहे, रविवारी शिजवेन. जेवायला ये. लाकूडतोड्यांच्या रस्त्याने नको, माझ्या दारावरून ये.

आणि येताना कानातलं यंत्र लाव. मला हे पुन्हा लिहायचं नाही, तुझ्यासमोर बसून बोलायचं आहे.

तुझी,
विनी